कुलवृत्तान्त आणि रक्ताची साक्ष

पनवेल तालुक्यांत कळंबोलीला लागून रोडपाली म्हणून एक गांव आहे. खाडीकांठच्या इतर गांवांप्रमाणें भातशेती आणि मासेमारी यांवर चालणारी ही आगरी-कोळी लोकांची जुनी वस्ती. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईची आंखणी झाली, आणि पुढें गांवठाणाभोंवतीं पाहतां पाहतां मजल्यांवर मजले चढले. आज तेथें एकाच जिन्यानें रत्नागिरीकडचा कोंकणस्थ, वाईकडचा देशस्थ, साताऱ्याचा मराठा, खानदेशचा लेवा पाटीदार आणि गांवचा मूळ आगरी हे सारे चढउतार करतात. नवा शेजारी आला, चहा झाला, कीं पुढला प्रश्न ठरलेला असतो: "आपण मूळचे कुठले?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचें उत्तर देतांना माणूस किंचित् ताठ होऊन बसतो, हें कोणाच्याही ध्यानांत येईल. गोत्र, प्रवर, कुलस्वामिनी, मूळ गांव, मग कोणा पूर्वजानें घांट ओलांडून कोणाच्या पदरीं चाकरी धरली तें वर्ष, असा तो क्रम असतो. ज्यांच्या घरीं छापील कुलवृत्तान्त आहे ते तो कपाटांतून काढून दाखवितात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अनेक कुलांनीं मोठ्या कष्टानें असे ग्रंथ तयार केले, आणि त्या कष्टांविषयीं आदर वाटावा असेंच तें काम आहे. परंतु गेल्या कांहीं दशकांत याच प्रश्नाचें उत्तर देणारें दुसरें एक शास्त्र पुढें आलें आहे. तें कागदपत्र विचारीत नाहीं. लाळेच्या किंवा रक्ताच्या चार थेंबांवरून बोलतें. कुलवृत्तान्त आणि हें शास्त्र यांची साक्ष कोठें जुळते, कोठें जुळत नाहीं, आणि त्यांतून गृहस्थाश्रमी माणसानें काय घ्यावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आल्प्सची आवई

प्रथम एका जुन्या समजुतीचा निकाल लावणें अवश्य आहे. घारे डोळे आणि गोरा वर्ण यांचा दाखला देऊन, आपण मूळचे युरोपाकडचे, असें म्हणणारे वडीलधारे पुष्कळ घरांत होऊन गेले. ही कल्पना त्यांनीं हवेंतून काढलेली नव्हती. तिला त्या काळच्या विद्वानांचा आधार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत माणसांचीं डोकीं मोजण्याचा सपाटा चालला होता. डोक्याच्या रुंदीला लांबीनें भागून शंभरानें गुणावें. जो आंकडा येई त्यास शीर्षांक म्हणत, आणि तो वंशाची अचूक खूण समजत. १८९९ सालीं रिप्ले या अमेरिकन पंडितानें युरोपीय लोकांचे ट्यूटॉनिक, आल्पाइन आणि भूमध्यसागरीय असे तीन वंश कल्पिले. आल्पाइन म्हणजे आल्प्सच्या डोंगराळ मुलुखांतील रुंद डोक्याचे लोक. हीच फूटपट्टी हिंदुस्थानांत आली तेव्हां एक कोडें पडलें. उत्तरेकडील लोक बहुधा लांब डोक्याचे. मग गुजरात, महाराष्ट्र, कूर्ग या पट्ट्यांत रुंद डोकीं अधिक कां? १९०१ च्या खानेसुमारीचे कमिशनर रिस्ले यांनीं त्याचें उत्तर असें दिलें कीं, मराठी ब्राह्मण, कुणबी वगैरे लोक शक आणि द्रविड यांच्या मिश्रणानें झाले. १९१६ सालीं रमाप्रसाद चंद यांनीं शकांना बाजूस सारून तेथें आल्पाइन वंशाची स्थापना केली. पुढें १९३१ च्या खानेसुमारीच्या निमित्तानें डॉ. बिरजाशंकर गुहा यांनीं देशभर मापें घेतलीं आणि पश्चिम हिंदुस्थानांतील रुंद डोक्यांना आल्पाइन व डिनारिक हींच नांवें दिलीं. अशा रीतीनें सह्याद्रीच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माणसाला आल्प्सच्या पायथ्याशीं एक घर मिळालें.

हें घर फार काळ टिकलें नाहीं. फ्रांझ बोआस यांनीं अमेरिकेंत आलेल्या युरोपीय कुटुंबांचीं हजारों मापें घेऊन १९११ च्या सुमारास दाखविलें कीं, त्यांच्या अमेरिकेंत जन्मलेल्या मुलांचा शीर्षांक आईबापांच्या शीर्षांकाहून निराळा भरतो. जें माप एका पिढींत बदलतें, तें हजारों वर्षांची वंशखूण कसें ठरावें?

या वादांत एका मराठी विदुषीचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. इरावतीबाई कर्वे यांनीं १९२८ सालीं मुंबई विद्यापीठांत डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखालीं चित्पावनांवर प्रबंध लिहिला, आणि बर्लिन येथें ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं कवट्यांच्या दोन बाजूंतील विषमतेचा अभ्यास केला. त्या विषमतेचा वंशाशीं संबंध असावा, असें गुरूंचें अनुमान होतें. मापें घेतल्यावर इरावतीबाईंना तसा संबंध आढळला नाहीं, आणि त्यांनीं तो आढळला नाहीं असेंच लिहिलें. परक्या देशांत, गुरूच्या मताविरुद्ध, आंकड्यांशीं प्रामाणिक राहणें ही लहान गोष्ट नव्हे. पुढें १९६८ सालीं त्यांनीं आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनीं महाराष्ट्रांतील आठ ब्राह्मण पोटज्ञातींची शरीरमापें आणि रक्तगट यांच्या आधारें तुलना प्रसिद्ध केली. एक नांव, एक दर्जा, म्हणून मूळही एक असेल, हें गृहीत धरतां येत नाहीं, हा त्यांचा मुद्दा तीत पुष्ट झाला. एका वृक्षाला फांद्या फुटाव्यात तशा या ज्ञाति फुटल्या असें नसून, ठिकठिकाणचे निरनिराळे गट एका नांवाखालीं शेजारीं येऊन बसले, असें त्या म्हणत.

पोथींतील चुका

डोकीं मोजण्याचें शास्त्र मागें पडलें, त्याची जागा रक्तानें घेतली. १९०१ सालीं कार्ल लँडस्टायनर यांनीं रक्तगट उजेडांत आणिले. पहिल्या महायुद्धांत सलोनिकाच्या छावणींत लुडविक आणि हॅना हिर्झफेल्ट या डॉक्टर दांपत्यानें निरनिराळ्या देशांच्या हजारों सैनिकांचें रक्त तपासलें. त्यांत बी गटाचें प्रमाण हिंदी शिपायांत सर्वांत अधिक निघालें. परंतु रक्तगट हे फार थोडे. एका अक्षरावरून ग्रंथकर्ता ओळखावा तसा तो प्रकार होता. खरी वाट मोकळी झाली ती पेशींतील डी. एन्. ए. वाचतां येऊं लागल्यावर.

हें वाचन कसें चालतें, तें समजण्यास आपल्याकडील एक दृष्टांत सोयीचा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस हात घातला आणि १९६६ सालीं तें काम तडीस नेलें. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या शेंकडों पोथ्या एकत्र ठेवून, कोणती कोणावरून उतरली हें पंडितांनीं ठरविलें. कशावरून? लेखनिकांच्या चुकांवरून. एका पोथींत जो चुकीचा पाठ शिरला, तो तिच्यावरून उतरलेल्या सर्व प्रतींत राहतो. ज्यांत तीच चूक, त्या एका घराण्याच्या पोथ्या. शरीरांतील पेशीही प्रत्येक पिढीस आपली पोथी उतरून देतात. तीन अब्जांहून अधिक अक्षरांची ती पोथी. तींत क्वचित् एखादें अक्षर बदलतें, आणि तो बदल पुढल्या पिढ्यांत उतरत जातो. दोन माणसांत असे बदल किती समान, यावरून त्यांचा समाईक पूर्वज किती मागें, याचा अंदाज बांधतां येतो.

या पोथीचे दोन अध्याय असे आहेत कीं, ते मिसळत नाहींत. वाय् हें गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातें. पेशींतील तंतुकणिकांचा डी. एन्. ए. आईकडून सर्व अपत्यांकडे येतो, पण पुढें चालतो तो केवळ मुलींच्या द्वारें. पहिला अध्याय म्हणजे पितृवंश, दुसरा म्हणजे मातृवंश. बाकीची सर्व पोथी प्रत्येक पिढींत आईबापांकडून निम्मी निम्मी घेऊन नव्यानें जुळविली जाते.

आल्प्समधील बर्फांतला माणूस

ज्या आल्प्सशीं आपलें नातें जोडलें होतें, तेथली साक्ष प्रथम ऐकावी. १९९१ सालच्या सप्टेंबरांत ऑस्ट्रिया-इटलीच्या सरहद्दीवर, सुमारें ३,२०० मीटर उंचीवर, बर्फांतून एका माणसाचें प्रेत दिसलें. गिर्यारोहकास अपघात झाला असावा, असें प्रथम वाटलें. तपासांतीं तें सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींचें ठरलें. ओट्झ खोऱ्यावरून त्यास ओट्झी म्हणतात. तो आज इटलींतील बोल्झानो येथील संग्रहालयांत आहे.

शुद्ध आल्पाइन पुरुष कोठें असेलच तर तो हा, असें कोणासही वाटावें. परंतु २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणीप्रमाणें त्याच्या पूर्वजांपैकीं नऊदशांशांहून अधिक अंश आशिया मायनरांतून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतून, शेती घेऊन आलेल्या लोकांचा निघाला. आणि त्याची कातडी आजच्या युरोपीयांहून बरीच सांवळी असावी असें दिसलें. म्हणजे आपले वडील ज्या आल्प्सकडे मूळ म्हणून बोट दाखवीत होते, त्या आल्प्सचा जुना रहिवासीच आशियांतून आलेल्यांचा वंशज होता!

दुसरी गोष्ट अधिक मननीय आहे. इन्सब्रुक येथील शास्त्रज्ञांनीं टायरोल प्रांतांतील सुमारें ३,७०० रक्तदात्या पुरुषांचें वाय् गुणसूत्र तपासलें. २०१३ सालीं जाहीर झाल्याप्रमाणें त्यांपैकीं १९ जणांत ओट्झीच्या पितृवंशाची दुर्मिळ खूण सांपडली. ते त्याचे वंशज नव्हेत. फार मागें कोठें तरी दोघांचा एक समाईक पूर्वज होता, इतकेंच. उलट त्याच्या आईकडून आलेला मातृवंश आज हयात असलेल्या कोणांतही आढळत नाहीं, असा २०१६ सालचा निष्कर्ष आहे. एकाच देहांतील दोन धागे. एक अजून चालू आहे, दुसरा तुटला. ज्याच्या कुळांत केवळ मुलगे झाले त्याच्या आईचा धागा संपतो, ज्याच्या कुळांत केवळ मुली झाल्या त्याच्या बापाचा संपतो. धागा संपला म्हणून माणसाचा अंश संपला असें मात्र नव्हे. तो उरलेल्या पोथींत विखुरलेला असतो.

नवगांवचे चौदा जण

आतां आपल्या कोंकणपट्टींत येऊं. पितृवंशाची आठवण आणि मातृवंशाचें विस्मरण यांचें फार बोलकें उदाहरण रोडपालीच्या परिसरांतच आहे. पनवेल शहरांत बेने इस्रायल समाजाचें एकोणिसाव्या शतकांत बांधलेलें प्रार्थनामंदिर अजून उभें आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर हीं त्यांचीं आडनांवें कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगडांतील, गांवांवरूनच पडलीं. घरांतील भाषा मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारीं घाणा बंद. म्हणून लोक त्यांस शनिवार-तेली म्हणत. त्यांची परंपरा अशी कीं, फार प्राचीन काळीं अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं एक गलबत फुटलें, त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, आणि हा सारा समाज त्या चौदा जणांची संतति होय. चौदा हा आंकडा वाचून अनेक वाचकांस सह्याद्रिखंडांतील चित्पावनांची उत्पत्तिकथा आठवेल. समुद्र, चौदा देह आणि त्यांतून उभी राहिलेली ज्ञाति, हें कथेचें बीज दोन्हीकडे आहे. पश्चिम किनाऱ्यानें आपल्या लेंकरांना एकच गोष्ट सांगितली असावी, असें वाटतें.

ही परंपरा या समाजाला केवळ गोष्ट म्हणून पुरली नाहीं. तिचा पुरावा देण्याची पाळी त्यांच्यावर आली. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्रायलांत गेलीं. १९६० नंतरच्या वर्षांत तेथील धर्मपीठानें असा पेंच घातला कीं, बेने इस्रायल वर किंवा वधू असेल तर तिच्या आईची, आजीची, जितकी मागें जाईल तितकी चौकशी करावी. दोन हजार वर्षें शनिवार पाळला असें सांगणाऱ्या लोकांना पणजीच्या आईचा दाखला कोठून मिळणार? त्यांनीं सत्याग्रह केला, निदर्शनें केलीं, आणि १९६४ सालीं तेथील लोकसभेनें ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असा ठराव केला. वाद मिटला तो न्यायबुद्धीनें. त्या वेळीं डी. एन्. ए. वाचण्याची विद्या नव्हती.

ती विद्या आल्यावर काय निघालें? २०१६ सालीं १८ बेने इस्रायल व्यक्तींची, इतर यहुदी, भारतीय व पाकिस्तानी समाजांतील ४८६ व्यक्तींशीं तुलना करून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष दुहेरी आहे. या समाजांत मध्यपूर्वेंतील यहुदी लोकांचा भरीव अंश आहे. तुलना केलेल्या भारतीय-पाकिस्तानी समाजांत तो दुसऱ्या कोणांतही असा आढळला नाहीं. म्हणजे गलबताच्या कथेचा गाभा खरा ठरतो. पण तितकाच भरीव अंश भारतीयांचा आहे. हें मिश्रण सुमारें १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं झालें. पिढी सुमारें २९ वर्षांची धरली तर साडेपांचशें ते साडेनऊशें वर्षांपूर्वीं. आणि त्यांत यहुदी अंश पुरुषांकडून अधिक, भारतीय अंश स्त्रियांकडून अधिक आला.

गलबतांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया उतरल्या असें कथा म्हणते. रक्त म्हणतें कीं, आलेल्यांत पुरुष अधिक होते, आणि त्यांच्या घरांत चूल पेटविणाऱ्या पुष्कळजणी याच किनाऱ्यावरच्या लेकी होत्या. त्या कोणत्या गांवच्या, कोणत्या ज्ञातीच्या, हें रक्त सांगत नाहीं आणि कथाही सांगत नाहीं. त्यांनीं सासरचा धर्म घेतला, शनिवार पाळला, मुलांना मराठी शिकविली, आणि कथेंतून त्या नाहींशा झाल्या.

तर्पणांत नसलेली आजी

दुसऱ्याच्या घरांतील ही गोष्ट वाचून आपण निश्चिंत बसावें, असें नाहीं. २०१३ सालीं हैदराबादची सीसीएमबी संस्था आणि हार्वर्ड येथील शास्त्रज्ञ यांनीं देशांतील ७३ गटांचा अभ्यास करून दाखविलें कीं, सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या काळांत येथील सर्व थरांत मोठें मिश्रण झालें. त्यानंतर पुष्कळ गटांत तें जवळजवळ थांबलें, आणि ज्ञातीबाहेर विवाह न करण्याची रूढि घट्ट झाली. आज आपणा सर्वांत प्रामुख्यानें तीन अंश कमीअधिक प्रमाणांत आहेत: या भूमींतील अतिप्राचीन शिकारी लोकांचा, इराणकडील प्राचीन लोकांशीं संबंधित असा, सिंधु संस्कृतीच्या लोकांत मुख्य असलेला, आणि मध्य आशियाच्या गवताळ मुलुखांतून आलेला. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकानें उत्खनन केलेल्या राखीगढी येथील स्त्रीचा डी. एन्. ए. २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. तींत पहिले दोन अंश आढळले, तिसरा आढळला नाहीं. ब्राह्मण ज्ञातींत हा तिसरा अंश तुलनेनें कांहींसा अधिक असतो, हें खरें. त्याच गवताळ मुलुखाकडील लोकांचा अंश युरोपांतही पसरला. म्हणून आल्प्सवासी आणि आपण यांचें नातें निघतेंच, पण तें लांबच्या चुलत्यांचें. आपण त्यांचे वंशज नव्हे, तेही आपले नव्हेत. घाऱ्या डोळ्यांचें म्हणाल तर तो मुख्यतः मोजक्या जनुकांचा खेळ आहे. त्यावरून साऱ्या कुळाचें मूळ ठरविणें म्हणजे मुखपृष्ठाच्या रंगावरून ग्रंथाचा कर्ता ठरविण्यासारखें आहे.

आतां कुलवृत्तान्त उघडावा. पिढीगणिक पूर्वज दुप्पट होतात: दोन, चार, आठ. दहाव्या पिढीस, म्हणजे बाळाजी विश्वनाथाला पेशवाई मिळाली त्या १७१३ सालाच्या आसपास, आपल्या पूर्वजांच्या १,०२४ जागा भरतात. त्यांपैकीं वंशवृक्षाच्या सरळ रेघेंत दहाव्या पायरीवर एकच नांव असतें. त्या एका नांवावर आपण सारा अभिमान टांगतों. बाकीच्या १,०२३ जणांनीं आपल्या देहास तितकेंच दिलें असूं शकेल.

ती एक रेघही सदैव रक्ताचीच असते, असें नाहीं. दत्तक घेतलेला मुलगा घेणाऱ्याचें गोत्र चालवितो. पुष्कळ मोठीं घराणीं दत्तकांनींच राखलीं. ज्याचें गोत्र ठाऊक नाहीं त्याचें काश्यप धरावें, असा आपल्याकडे संकेतच आहे. शास्त्रकारांनीं गोत्राला धर्माचें आणि कर्तव्याचें नातें मानलें. त्याला रक्ताचा दाखला समजण्याची हौस आपली. म्हणून कोणा घरीं नव्या पद्धतीची तपासणी होऊन दोन भाऊबंदांचा पितृवंश जुळला नाहीं, तर त्यावरून मृत माणसांच्या चारित्र्याचा निवाडा करीत बसूं नये. कुळ हें रक्तानें जितकें चालतें तितकेंच स्वीकारानें चालतें.

स्त्रियांची नोंद तर याहून तोकडी. बहुतेक कुलवृत्तान्तांत सुनेचें माहेरचें आडनांव आणि वडिलांचें नांव असतें. तिच्या आईचें बहुधा नसतें. आपलें तर्पण पाहावें. माता, पितामही, प्रपितामही यांना पाणी मिळतें. मातामही, मातुःपितामही, मातुःप्रपितामही यांनाही मिळतें. नीट पाहिलें तर या साऱ्या, आई आणि आईची आई सोडून, कोणा ना कोणा पुरुषाच्या ओळींतील सुना आहेत. आईच्या आईची आई त्यांत नाहीं. आणि गंमत अशी कीं, आपल्या प्रत्येक पेशींतील तंतुकणिकांचा धागा नेमका तिच्याकडूनच आला आहे! देशांतील मातृवंशांचा अभ्यास सांगतो कीं, त्यांच्या मुख्य शाखा याच भूमींत फार प्राचीन काळापासून रुजलेल्या आहेत, आणि त्या ब्राह्मणापासून वनवासी जमातींपर्यंत सर्वांत सामाईक आढळतात. रोडपालीच्या जिन्यावर भेटणाऱ्या कोंकणस्थ गृहिणीची आणि आगरी गृहिणीची कोणी एक आद्य आजी एकच असेल, याचा संभव त्यांच्या आडनांवांवरून वाटतो त्याहून बराच अधिक आहे.

विवाह जमवितांना

हें सारें ऐकून कोणी म्हणेल, ठीक आहे, अभिमान थोडा उतरला, पुढें काय? पुढें घरांतील मुलांमुलींचें आरोग्य आहे, आणि तेथें ही विद्या केवळ मनोरंजनाची राहत नाहीं.

लहान गटांत पिढ्यान्‌पिढ्या आपसांत विवाह झाले म्हणजे आद्य पूर्वजांपैकीं एखाद्याचें सदोष जनुक गटांत पुष्कळांकडे उतरतें. तें एकाच पालकाकडून आलें तर बहुधा अपाय होत नाहीं. दोघांकडून आलें तर अपत्याला रोग होतो. दोघेही असे वाहक असतील तर प्रत्येक खेपेस हा धोका चारांत एक. आल्प्सच्या एकाकी खोऱ्यांत डोंगर आडवे आले म्हणून गट लहान राहिले. आपल्याकडे डोंगर नव्हते, पंक्ति आडवी आली. २०१७ सालच्या एका अभ्यासांत दक्षिण आशियांतील अडीचशेंहून अधिक गट तपासले, त्यांपैकीं ८१ गटांत हा परिणाम फिनलंडचे लोक आणि युरोपीय यहुदी यांच्याहूनही तीव्र दिसला. आंध्रांतील वैश्य समाजांत शस्त्रक्रियेच्या वेळच्या स्नायू शिथिल करणाऱ्या विशिष्ट औषधाचा अंमल कित्येकांवर धोकादायक रीतीनें लांबतो. तो याच प्रकारचा वारसा आहे. बेने इस्रायलांच्या अभ्यासकांनींही हाच इशारा दिला आहे.

आपल्या पूर्वजांना निकटविवाहाचा दोष ठाऊक होता. सगोत्र विवाह त्यांनीं वर्ज्य केला, आणि बापाकडील सात व आईकडील पांच पिढ्यांचें सापिंड्य टाळावें असें सांगितलें. त्यांतील दुसरा नियम रक्ताच्या दृष्टीनें अधिक शहाणपणाचा. कारण तो दोन्ही बाजूंकडे पाहतो. व्यवहारांत मात्र आपण गोत्र कटाक्षानें पाहिलें आणि सापिंड्याला रूढीच्या नांवाखालीं सूट दिली. सगोत्र पण दहा पिढ्या दूरचें स्थळ नाकारावयाचें, आणि दक्षिण महाराष्ट्रांत व कर्नाटकांत मामाची मुलगी सून म्हणून हौसेनें आणावयाची, असें चालत आलें. रक्ताचा हिशेब नेमका उलटा आहे. मामेबहिणीशीं विवाह झाला तर अपत्याच्या जनुकांच्या सरासरी सोळांत एका जागीं एकाच पूर्वजाची तीच प्रत दोन्हीकडून येते. दहा पिढ्यांपूर्वींच्या सगोत्राच्या बाबतींत हें प्रमाण नगण्य असतें. सगोत्र विवाहावरील कायद्याची अडचण १९४६ सालीं दूर झाली, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें सापिंड्य बापाकडे पांच व आईकडे तीन पिढ्यांवर आणिलें. तेथेंही रूढीचा अपवाद राहिलाच. पत्रिकेंतील एकनाडीचा दोष म्हणजे रक्तदोषच, असेंही कित्येक समजतात; पण नाडी जन्मनक्षत्रावरून निघते, तिला रक्ताची कांहीं माहिती नसते.

मग करावें काय? पत्रिका पाहावयाची असेल त्यांनीं ती पाहावी. पण तिच्याबरोबर दोन गोष्टी अवश्य कराव्यात. एक, वधूवरांची थॅलसिमियाची रक्ततपासणी. आपल्या देशांत सरासरी शंभरांत तीनचार माणसें या रोगाचे वाहक आहेत. तीं स्वतः धडधाकट असतात, म्हणून तपासल्यावांचून कळत नाहीं. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन पुढें जातां येतें. अजाणतां हा रोग घेऊन जन्मास आलेल्या मुलास मात्र बहुधा आयुष्यभर परक्या रक्तावर जगावें लागतें. दुसरी, दोन्ही घरांतील आजारांची खरी हकीकत. कोणाचें मूल लहानपणीं कशानें गेलें, कोणाला ऐन तारुण्यांत दिसेनासें झालें, कोणाचे स्नायू क्षीण झाले, हें लपवून ठेवण्यांत कुळाची अब्रू राखली जाते असें आपण समजत आलों. त्या लपवाछपवीची किंमत नातवंडें मोजतात.

यासाठीं पैसे खर्चून परदेशीं लाळ धाडण्याची गरज नाहीं. ज्या घरांत कुलवृत्तान्त आहे त्यांनीं पुढल्या आवृत्तीसाठीं एक कोरी वही घालावी. प्रत्येक सुनेच्या नांवापुढें तिच्या आईचें, आईच्या आईचें आणि त्यापुढें जितकें ठाऊक असेल तितकें नांव व गांव लिहावें. प्रत्येक मृत व्यक्तीपुढें वय आणि आजार लिहावा. दत्तक असेल तेथें जन्मघरही लिहावें. ही माहिती कोणत्याही दप्तरांत नाहीं. ती घरांतील ऐंशी वर्षांच्या आजींना पाठ आहे, मावशींना आहे, थोरल्या आत्याबाईंना आहे. सणावारीं घर भरतें तेव्हां दुपारच्या निवांत वेळीं एका नातवानें वही घेऊन त्यांच्यापाशीं बसावें. वंशावळीची ती बाजू आज फक्त त्यांच्या स्मरणांत आहे, आणि तें स्मरण आहे तोंवरच ती लिहून घेतां येईल.